जुन्या सफारी फोर बाय फोरचा टर्बो बूस्ट स्वतः कसा चेक करायचा? गॅरेजवाला सरळ टर्बो बदला म्हणून राहिला

सफारी_२००४

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. गाडी बाबांची आहे, टाटा सफारी, २००४ ची, फोर बाय फोर, ते जुनं १९४८ सीसीचं टर्बो इंटरकूलरवालं इंजिन, म्हणजे डायकॉरच्या आधीचं, कॉमन रेल नाही, सगळं मेकॅनिकल पंपावर. बॉडी चांगली आहे, फोर व्हील लागते, लो रेशो लागतो, खालून गंज जवळपास नाहीच, त्यामुळे विकायचा विषयच नाही.

प्रॉब्लेम असा आहे की गेल्या उन्हाळ्यापासून चढावर गाडी दमते. वर्धा रोडला सपाटीवर ८० ला आरामात चालते, काही वाटत नाही, पण सिवनीकडे जाताना कुरई घाट लागला की चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, आणि एक्सिलेटर पूर्ण दाबला तरी इंजिन फक्त आवाज करते, ओढत नाही. मागून काळा धूर. टर्बोची शिट्टी ऐकू येते, म्हणजे फिरतो तर आहे. ऑइल खात नाही, टेम्परेचर घाटात थोडं वर जाते पण लाल पट्टीत नाही. एअर फिल्टर नवीन टाकला, डिझेल फिल्टर पण बदलला, फरक शून्य.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी बोनेट उघडून दोनदा रेस दिली आणि म्हणे टर्बो गेला, काढून रिकंडिशन करा नाही तर दुसरा टाका, ३०-३५ हजार धरून चाला. मी विचारलं की बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो तो दाब, मोजला का, तर म्हणे या गाडीला स्कॅनर लागत नाही, कसा मोजणार. मला ते पटलं नाही. स्कॅनर नव्हता तेव्हाही लोक टर्बो चेक करतच असतील ना.

तर विचारायचं हे की प्रेशर गेज नेमका कुठे लावायचा, कोणता घ्यायचा, रीडिंग किती यायला पाहिजे, आणि गाडी उभी ठेवून रेस दिली तर चालते का रोडवरच घ्यावं लागते. बाबांना या गाडीचा फार जीव आहे, उगाच कोणी खोलून ठेवावी असं वाटत नाही.

पंपवाला_वाडी

भाऊ, पहिले एक सांगतो, उभ्या गाडीत रेस देऊन टर्बो गेला म्हणणाऱ्याचं ऐकू नको. डिझेलमध्ये लोड नसला तर बूस्ट बनतच नाही, बनला तर नावापुरता. टर्बो फिरते एक्झॉस्टच्या गरमीवर आन् दाबावर, न्यूट्रलमध्ये इंजिनाले काम नाही त पंप डिझेल कमी देते, डिझेल कमी त गरमी कमी, गरमी कमी त टर्बो कायच्या भरवशावर फिरन? चांगल्या गाडीतही न्यूट्रलमध्ये काटा थोडासा हलते आन् बसते. म्हणून रीडिंग रोडवरच, लोडवरच.

मी इतकी वर्षं पंपाचं अन् नोझलचं काम करून राहिलो, माझ्याकडे दर महिन्याले कोणी ना कोणी टर्बो बदलून येते आन् म्हणते गाडी तशीच आहे. मोजून पाहत नाही कोणी, याचंच वाईट वाटते.

तुझं लक्षण काय, त पिकअप नाही आन् काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल येऊन राहिलं पण जळाले हवा पुरत नाही. हे लक्षात ठेव, हे फार कामाचं आहे. पिकअप नाही आन् धूरही नाही असं असतं त मी तुले म्हटलं असतं टर्बोले हातच लावू नको, टाकीतली जाळी पाय, डिझेल लाइन पाय, पंप पाय, कारण डिझेलच कमी आलं त बूस्टही कमीच दिसते आन् लोक टर्बोले दोष देतात. तुझ्या केसमध्ये हवेची बाजू. आता हवा कुठे जाऊन राहिली ते शोधायचं, टर्बो बनवूनच नाही राहिला, का बनवलेली लीक होऊन राहिली, का मधात कुठे अडून राहिली. तीन गोष्टी, तिन्ही गेजनं सापडतात.

गेज दोन ठिकाणी लावून पाहाचा. एक, टर्बोच्या थंड्या बाजूच्या, म्हणजे हवा दाबते त्या बाजूच्या हाऊसिंगवरून वेस्टगेटच्या डबीकडे जो बारीक पाइप जाते ना, त्यात टी टाकायचा. वेस्टगेट म्हणजे बूस्ट ठरलेल्या दाबावर गेला की थोडा एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूनं सोडून देणारी झडप, डबी तिले उघडते. हे सर्वात सोपं, काही ड्रिल करा लागत नाही. दोन, इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या नंतर, इंजिनात हवा शिरते त्याच्या आधी. पहिल्या जागी कळते टर्बो किती बनवते, दुसऱ्या जागी कळते इंजिनाले किती भेटते. लोक एकाच जागी मोजतात आन् वाद घालत बसतात.

टी टाकतानी एक काळजी घेजो. डबीकडे जाणारा पाइप ढिला राह्यला, फाटला, का निघाला, त डबीले दाब भेटत नाही, वेस्टगेट उघडत नाही आन् बूस्ट वर वर जाते. ओव्हरबूस्टमध्ये हेड गॅस्केट जाते, कधी पिस्टन. टीच्या तिन्ही तोंडाले क्लिप लाव, नुसता पाइप खुपसून रोडवर नेजो नको.

लेथ_हिंगणा

काकांनी बरोबर सांगितलं. मी सामानाचं सांगतो, कारण इथेच लोक चुकीचं घेतात.

गेज ० ते २ बारचा घे, किंवा ० ते ३० पीएसआयचा, अडीच इंची डायल, ग्लिसरीन भरलेला. कॉम्प्रेसरच्या टाकीवर असतो तो ० ते १० किलोवाला घेऊ नको, त्यात ०.६ आणि ०.७ मधला फरक काट्याच्या जाडीत जातो. इतवारीत लोहाओळीकडे हार्डवेअरच्या दुकानात फिरला तर भेटून जाईल, तिथेच पितळेचा टी, निपल, क्लिपा पण घेऊन घे. युनिटचा गोंधळ होतो म्हणून लिहून देतो, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजेच १०० किलोपास्कल, आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये जवळपास तेवढंच, १.०२.

पाइप टर्बोजवळ रबराचाच, ऑइल आणि गरमी सहन करणारा, ४ एमएम आतून. तिथून पुढे निळा पीयू पाइप लावला तरी चालते, पण पीयू एक्झॉस्टजवळ नेला तर वितळतो, आणि तो वितळला तर वरचं ओव्हरबूस्टवालं प्रकरण, म्हणून तेवढा दीड-दोन फूट रबरच ठेव. बोनेटच्या मागच्या फटीतून काढून वायपरच्या बाजूने खिडकीतून आत घे, बोनेट लावल्यावर पाइप चेपला तर नाही ना ते फुंकून पाहा.

काटा फार थरथरतो, वाचताच येत नाही. त्याला उपाय म्हणजे मिग वेल्डिंगची ०.८ ची टिप घ्यायची, कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे मिळते, ती गेजकडच्या पाइपात आत बसवायची. भोक बारीक असल्यामुळे काटा शांत चढतो. फक्त टीच्या पुढे गेजच्या फांदीत टाकायची, डबीच्या फांदीत बिलकुल नाही.

दुसऱ्या जागेसाठी ॲल्युमिनियमच्या पाइपाला ड्रिल करायचं असेल तर पाइप गाडीतून काढूनच कर, आणि नंतर धुऊन, हवा मारून, आत बोट फिरवून पाहा. एक बुरादा राहिला तर तो सरळ सिलेंडरमध्ये जातो. ड्रिल नको असेल तर मी दुसरं करतो, रबर होजच्या आतल्या मापाचा पाइपाचा दोन-अडीच इंची तुकडा लेथवर काढायचा, दोन्ही टोकाला हलकी कडा ठेवायची म्हणजे होज निसटत नाही, मधे एक निपल वेल्ड करायचं आणि होज कापून मधे बसवायचा. मूळ पाइपाला हातही लागत नाही.

स्कॉर्पिओ_कामठी

माझी स्कॉर्पिओ एमहॉक आहे, फोर व्हील, मी ब्लूटूथवाला ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा छोटा स्कॅनर, लावून मोबाइलवर बूस्ट पाहतो, सहज दिसते. पण एक सांगून ठेवतो कारण पुढे कोणी हा धागा वाचून गोंधळेल. मोबाइलमध्ये जे दिसते ते ॲब्सोल्यूट प्रेशर असते, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली की जो आकडा येतो तो बाहेरच्या हवेचा, नागपूर ३१० मीटर उंचीवर आहे तर तो ९७-९८ किलोपास्कलच्या आसपास येतो. लोडवर १८० दिसलं तर खरा बूस्ट ८२-८३ म्हणजे ०.८ बारच्या वरच. काट्याच्या गेजला हे वजा करायची गरज नाही, तो शून्यापासून वरचाच दाब दाखवतो. एकाचा गेज आणि दुसऱ्याचा मोबाइल यांची तुलना करून लोक विनाकारण घाबरतात.

आणि माझ्या गाडीसारख्या व्हीजीटी, म्हणजे आतली पाती फिरवून बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या टर्बोत डबी उलटी चालते, ती व्हॅक्यूमवर असते. तिथे पाइप फुटला तर बूस्ट वाढत नाही, कमी होते, गाडी मरगळते. सफारीच्या जुन्या टर्बोत दाबावर चालणारी डबी आहे, म्हणून काका म्हणतात ते तिथे लागू. मिक्स करू नका.

रीडिंग किती यायला पाहिजे ते मात्र मला पण ऐकायचं आहे.

पंपवाला_वाडी

आकड्याचं सांगतो. नेमका आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते तोच खरा, इंजिन नंबर पाहून. बाकी त्या काळच्या वेस्टगेटवाल्या डिझेल गाड्या साधारण ०.६ ते १ बारमध्ये बसतात. ०.६ च्या खाली राहून राहिला त शोधाशोध कर, एकच्या वर पळून राहिला त त्याच वेळी पाय काढ आन् डबी पाय.

टेस्ट अशी करजो. गाडी पूर्ण गरम होऊ दे. तिसरा गिअर, १५०० आरपीएमवर आण, मंग एक्सिलेटर पूर्ण खाली, ३००० च्या वर जाईस्तोवर धरून ठेव. काटा कुठून चढाले लागला, किती वर गेला, आन् वर गेल्यावर टिकला का पडला, या तिन्ही गोष्टी पाहाच्या. नुसता सर्वात मोठा आकडा सांगून उपयोग नाही. चालवणाऱ्यानं गेज पाहाचा नाही, बाजूले कोणी बसव, मोबाइलवर गेज आन् आरपीएमचा काटा दोन्ही येतीन असा व्हिडिओ काढ, घरी येऊन पाय.

चढ असला त अजून चांगलं. रामटेकच्या गडावर जाणारा चढ सकाळी लवकर कामाचा आहे, नाही त अमरावती रोडनं कोंढाळीच्या पुढे तळेगावचा घाट. कुरईत नको, तिथं पेंचचं जंगल आहे, खालून जनावर जावं म्हणून त रोड पुलावर उचलला आहे, तिथं थांबून बोनेट उघडत बसणं बरं नाही.

आन् मे महिन्याच्या दुपारी घेतलेलं रीडिंग आन् जानेवारीच्या सकाळचं रीडिंग एकमेकाले लावू नको. आपल्या इथं ४५ म्हणजे नेहमीचं, २०१३ च्या मे मध्ये त ४७.९ गेलं होतं. गरम हवा पातळ, तेवढ्याच बूस्टमध्ये इंजिनाले हवा कमीच भेटते, धूर जास्त दिसते. सकाळी सहा-सातले घे, दोन्ही जागेचं एकाच दिवशी, एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये.

सफारी_२००४

काका, भाऊ, खूप धन्यवाद. इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

गेज, टी, क्लिपा इतवारीतून आणल्या, दुसऱ्या जागेसाठी लेथवाल्या भाऊंनी सांगितलं तसा तुकडा बनवून घेतला. रविवारी सकाळी मित्राला बाजूला बसवून रामटेकला गेलो.

डबीवाल्या टी मध्ये: १८०० च्या आसपास चढायला लागतो, २४०० ला ०.७ बार, आणि तिथे टिकतो, ३२०० पर्यंत हलत नाही.

इंटरकूलरनंतर: चढायला सुरुवात तिथूनच, पण ०.४ च्या वर जातच नाही, आणि २८०० च्या पुढे उलट कमी होते, ०.३५ पर्यंत येते. परत परत घेतलं, तेच.

मग टर्बो चांगला आहे असं समजू का? आणि मधे ०.३ कुठे जाऊन राहिलं?

स्कॉर्पिओ_कामठी

लीक असंन भाऊ. इंटरकूलर नाही तर होजची क्लिप. प्रेशर टेस्ट कर, टर्बोचं तोंड बंद करून हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारायचं.

लेथ_हिंगणा

हो, लीक टेस्ट करून घे, ती करायचीच आहे. पद्धत सांगतो. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा रबर पाइप टर्बोकडून काढ, तिथे बसेल अशी पीव्हीसी पाइपाची एंड कॅप घे, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा वाल बसवून घे, मग ती कॅप टर्बोच्या तोंडावर होजचा तुकडा आणि दोन क्लिपा लावून आवळ. क्रँककेसचा ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा, कॅपच्या पुढे कुठे जोडलेला असेल तर तो काढून तिथलं तोंड बंद कर, नाही तर हवा इंजिनच्या पोटात जाऊन ऑइल सीलवर दाब येतो. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू ०.५, फार तर ०.७ पर्यंत. डायरेक्ट टाकीची हवा सोडायची नाही आणि कॅपच्या समोर तोंड ठेवून उभं राहायचं नाही, ती सुटली तर गोळीसारखी येते.

थोडी हवा सायलेन्सरमधून किंवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसतेच, कोणता ना कोणता व्हॉल्व्ह उघडा असतो, रिंगांमधूनही जाते, त्याला लीक समजू नको. होज, क्लिपा, इंटरकूलरच्या टाकीचे जोड आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट, इथे फेस पाहा.

पंपवाला_वाडी

लीक टेस्ट कर पण मले वाटते लीक भेटनार नाही, किंवा भेटली त बारीक. सांगतो काऊन.

मोठी लीक असती त डबीपाशीही दाब पूर्ण नसता बनला, टर्बो बनवते आन् पुढून हवा निघून जाते, काटा तिथंही ढिला चढला असता. तुझा तिथं ०.७ वर येऊन टिकून राहिला, म्हणजे वेस्टगेट त्याच्या ठरलेल्या दाबावर उघडून राहिलं. टर्बोच्या हिशेबानं सगळं बरोबर. आन् पुढच्या जागी आरपीएम वाढला की दाब कमी होते. हे अडल्याचं लक्षण आहे. लीकमध्येही कमी होते, पण अडलेल्या रस्त्यात हवा जितकी जास्त जाईन तितका फरक वाढते, तुझा तसाच वाढून राहिला. चांगल्या इंटरकूलरमध्ये या दोन जागेत थोडा फरक राहतेच, पूर्ण लोडवर ०.१ बारच्या आत असला त मी त्याले हात लावत नाही. ०.३ म्हणजे फार झालं.

इंटरकूलर काढून आतून पाय, वीस वर्षांचं ऑइल आन् काजळी बसून जाळ्या भरल्या असतीन. आन् टर्बोतून इंटरकूलरकडे जाणारा रबर होज हातात घेऊन आत बोट घाल. वरून नवा दिसला तरी सोडू नको. त्या होजले दोन-तीन थर असतात, आतून ऑइल पिऊन पिऊन आतला थर सुटते. थंड्या गाडीत तो जागेवर चिकटून दिसते, लोड आला की फुगा होऊन रस्ता बंद करते. साबणाच्या पाण्यात हे कधीच दिसत नाही कारण बाहेर हवा जातच नाही.

आन् हे होईस्तोवर घाटात एक्सिलेटर पूर्ण दाबून नेऊ नको. डिझेल पूर्ण, हवा अर्धी, त एक्झॉस्टची गरमी फार वाढते, मंग खराच टर्बो जाईन, मॅनिफोल्डले चीर जाईन.

सफारी_२००४

अपडेट देतो.

लीक टेस्टमध्ये इंटरकूलरच्या एका क्लिपपाशी बारीक फेस आला, क्लिप बदलली, रीडिंग मात्र जवळपास तेच राहिलं. मग दोन्ही होज आणि इंटरकूलर काढला.

काका, टर्बोकडचा होज. बाहेरून एकही चीर नाही, बोटाने दाबला तर कडक पण नाही. आत टॉर्च मारून पाहिलं तर वाकणाच्या जागी आतलं रबर सुटून जिभेसारखं लोंबत होतं, बोटाने उचललं तर पूर्ण अर्ध्या तोंडाला झाकत होतं, आणि त्याच्या मागे काळं ऑइल साचलेलं. मी त्याचा फोटो त्या गॅरेजवाल्यांना पण दाखवला, त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाले यापुढे होज आतून पाहत जाऊ, मला ते बरं वाटलं.

इंटरकूलरमधून बरंच ऑइल निघालं, रॉकेलने दोन-तीनदा हलवून धुतला, दिवसभर उन्हात उलटा ठेवला, हवा मारून पूर्ण कोरडा केला.

टर्बो पण उघडा होता तर पंखा बोटाने हलवून पाहिला. आडवा किंचित हलतो, आत-बाहेर बिलकुल नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. हे ठीक आहे ना?

नवीन होज टाकून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये: डबीपाशी ०.७, इंटरकूलरनंतर ०.६५, आणि ३२०० पर्यंत पडत नाही. बाबांना घेऊन काल सिवनीपर्यंत जाऊन आलो, कुरई घाट पूर्ण तिसऱ्यावर. बाबा काही बोलले नाहीत पण परत येताना गाडी त्यांनीच चालवली.

आता एकच राहिलं. खालच्या आरपीएमवर, म्हणजे हजार-बाराशेवरून एकदम दाबलं की अजून काळ्या धुराचा एक भपका येतो, नंतर साफ.

पंपवाला_वाडी

पंखा आडवा किंचित हलणं बरोबर आहे, ते बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगते, इंजिन बंद असलं की थर नसते. आत-बाहेर हलला असता किंवा पातं घासलं असतं त मंग टर्बो काढाले सांगितलं असतं.

भपक्याचं म्हणशील त १५०० च्या खाली टर्बो जागा झालेला नसते आन् तू एकदम डिझेल दिलं, त तेवढा धूर जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत येतेच. तुझ्या पंपावर वरून गोल टोपीसारखं काही असंन आन् त्यात मॅनिफोल्डचा बारीक पाइप जात असंन, त तो पाइप आन् आतला डायफ्रॅम चांगला आहे का ते पाहून घेजो, बूस्ट आल्याशिवाय डिझेल वाढवाचं नाही हे काम त्याचं. डायफ्रॅम फाटला त मात्र धूर वाढत नाही, उलट पिकअप मरते. धूर सेकंदभराच्या वर राहून राहिला, किंवा गाडी चालू राह्यली तरी मधून मधून येऊन राहिला, त नोझल काढून प्रेशर आन् स्प्रे चेक करून घे. पंपाच्या डिझेल वाढवाच्या स्क्रूले कोणाले हात लावू देऊ नको, कितीही म्हटलं तरी. आता हवा पूर्ण भेटून राहिली, काही दिवस चालव, मंग ठरव.

खापरखेडा, कोराडीकडे जाणं-येणं असलं त एअर फिल्टर लवकर पाहत जा, तिकडच्या वीज केंद्रांची राख फार बारीक राहते.

स्कॉर्पिओ_कामठी

माझ्या गाडीचे होज पण या रविवारी काढून पाहतो. मोबाइलवर बूस्ट ठीक दिसते पण आतून पाहिलेलं कधीच नाही.

सफारी_२००४

काका, नोझल तुमच्याकडेच घेऊन येईन, वाडीत कुठे ते मेसेज करा. लेथवाले भाऊ, गेज आता कायमचा लावून टाकावा म्हणतो, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात. डबीच्या टी वरच ठेवू का?

लेथ_हिंगणा

नाही, डबीचा टी काढून टाक, मूळ पाइप जसा होता तसा एकसंध कर, नवीन रबराचा आणि दोन्ही बाजूंना क्लिप. तिथे कायमचा जोड ठेवला तर कधीतरी पाइप वाळेल, निघेल, आणि तुला कळायच्या आत बूस्ट वर जाईल. गेज इंटरकूलरनंतरच्या निपलवर लाव, तिथे पाइप निघाला तर फार तर थोडी हवा जाईल आणि काटा शून्यावर येईल, इंजिनाला धोका नाही. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून नेताना आधीचं रबर ग्रोमेट असेल त्यातूनच ने, पत्र्याला भोक पाडलंच तर ग्रोमेट टाकल्याशिवाय पाइप घालू नको, पत्रा महिनाभरात पाइप कापतो. मिगची टिप तशीच राहू दे. आणि गेज अशा जागी ठेव की बाबांना मान न वळवता दिसेल.